पहिल्या पानावरचा आजार, नवव्या पानावरचा निकाल

१७ जुलै २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने तबलिगी जमातशी संबंधित १६ गुन्हे रद्द केले. सत्तर भारतीय नागरिकांवर आरोप होता की मार्च २०२० मध्ये त्यांनी परदेशी पाहुण्यांना मशिदीत आणि घरात आसरा दिला. पाच वर्षं ही माणसं तारखा करत होती. निकालाची बातमी मी आमच्याकडे येणाऱ्या मराठी पेपरात शोधली. नवव्या पानावर सापडली, एका कॉलमात, जेमतेम बारा ओळी. शेजारी मूळव्याधीच्या एका दवाखान्याची जाहिरात होती, ती बातमीच्या चौपट मोठी.

एप्रिल २०२० मध्ये याच पेपरात हाच विषय पहिल्या पानावर असायचा, आठ कॉलमांत. एक दिवस नाही, सलग कित्येक दिवस.

कुणी म्हणेल, बाजी, जुनं झालं, सोडा आता. मी सोडलंही असतं. पण आजारांच्या बातम्या लिहिण्याची ती पद्धत सुटलेली नाही, आणि तिची किंमत फक्त मुसलमान मोजत नाहीत, म्हणून लिहिते आहे.

आधी एप्रिल २०२०. मार्चच्या मध्यावर निजामुद्दीनच्या मरकजमध्ये इज्तेमा झाला. १३ मार्चला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाचे अधिकारी सांगत होते की कोरोना ही आरोग्य आणीबाणी नाही. विमानं चालू होती, मंदिरं उघडी होती, लग्नं लागत होती. मरकजवाल्यांनी गर्दी वेळेत मोडली नाही, ही चूक होती. मी तेव्हाही तसंच म्हणत होते, आमच्या गल्लीत दोन शिव्या खाऊन. पण चूक वेगळी आणि कट वेगळा. कटाची गोष्ट वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी रचली. आजाराला टोपी घातली, दाढी लावली आणि त्याला शहरभर फिरवलं.

तेव्हाचे आकडे आठवा. १८ एप्रिलला मंत्रालयाने सांगितलं, देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ जमातशी संबंधित, म्हणजे २९.८ टक्के. हा आकडा जसाच्या तसा सगळीकडे छापून आला. मी भाषा शिकवते, गणित नाही. तरी एक प्रश्न मलाही पडला होता: तपासलं कुणाला? तेव्हा तपासणीची किट मोजकी होती. परदेशातून आलेले, रुग्णांच्या संपर्कातले आणि मरकजहून परतलेले, यांनाच शोधून शोधून तपासत होते. बाजार समितीत दहा पोती तूर आली, एकाच पोत्यातून मूठभर काढून पाहिली आणि पाटी लावली की सगळी ओली तूर याच पोत्यात आहे, तर शेतकरी अडत्याची कॉलर धरेल. पेपरवाल्यांची कॉलर कुणी धरली नाही. जमातवाल्यांना तपासलं हे योग्यच झालं. पण बाकीच्यांची किती तपासणी झाली, हा आकडा शेजारी नसेल तर २९.८ ला अर्थ काय उरतो? हा प्रश्न विचारायला आरोग्याचा वार्ताहर असावा लागत नाही, सातवीचं शेकडेवारीचं पुस्तक पुरतं.

अमरावतीत पहिली नोंद हाथीपुऱ्यातली, तीही माणूस गेल्यानंतर. अकोल्यात ७ एप्रिलला पहिला रुग्ण बैदपुऱ्यातला. माझं माहेर अमरावतीचं, सासर अकोल्याचं, त्यामुळे दोन्ही बातम्या घरातल्याच होत्या. त्या दिवसापासून वस्तीचं नाव हाच आजाराचा पत्ता झाला. भाजीवाल्याला नाव विचारायचं, नाव कळलं की मोहल्ला विचारायचा, मग पिशवी परत ठेवायची. आमच्या मागच्या गल्लीतला फळवाला हातगाडीवर केळी घेऊन तीन दिवस फिरला आणि काळी पडलेली केळी घरोघर फुकट वाटून आला. त्याला कोरोना झाला नव्हता, त्याच्या गाडीला झाला होता.

आणि ११ एप्रिल. आसामचा एक तिशीतला तरुण, दिल्लीहून जमातसोबत इकडे आलेला, अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विलगीकरणात होता. आदल्या दिवशी त्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला होता. त्याने त्या कक्षात जीव दिला. घरापासून इतक्या दूर, भाषा वेगळी, अंगावर आजार, आणि बाहेर सगळा देश त्याच्या जमातीला शिव्या घालतोय. तो का गेला, हे मी सांगू शकत नाही. पण त्याची बातमी कशी आली ते सांगू शकते. कशाने, कसं, किती वाजता, कुठल्या खोलीत, सगळं छापलं गेलं. आत्महत्येच्या बातम्यांत पद्धत आणि जागा यांचं वर्णन करू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेचे नियम प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे जेमतेम सात महिन्यांपूर्वी, स्वीकारले होते. विलगीकरणातल्या माणसाच्या मनाचं काय होतं, त्याच्याशी बोलायला कुणी आहे का, यावर तेव्हा बातमी व्हायला हवी होती. ती मला सापडली नाही.

यावर पत्रकार मित्र एक उत्तर ठरलेलं देतात: जे घडलं ते छापलं, सरकारने सांगितलं ते छापलं. हे खरं नाही. आमच्या पेपरांना संयम येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती पेटली, मे २०२३ मध्ये अकोला पेटलं, तेव्हा बातम्यांत ‘दोन गट’ असा शब्द होता. शहाण्या वार्ताहरांनी धर्माचं नाव टाळलं, कारण नाव छापलं की दुसऱ्या दिवशी दगड जास्त पडतात, हे त्यांना ठाऊक आहे. दंगलीत जे सुचतं ते साथीत का सुचलं नाही? आजाराच्या बातमीनेही दगड पडतात. ते दिसत नाहीत, एवढंच.

२१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी आणि सहा भारतीय नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. निकालात लिहिलं आहे की मरकजला आलेल्यांविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत मोठा प्रचार झाला, आणि संकट आलं की सत्ता बळीचा बकरा शोधते, इथे या परदेशी लोकांना तसं निवडल्याची शक्यता दिसते. न्या. नलावडे यांनी हे लिहिलं. न्या. सेवलीकर यांना निकाल मान्य होता, काही निरीक्षणं मान्य नव्हती, तेही त्यांनी नोंदवलं. मी दोन्ही सांगते, कारण अर्धं सांगणं हीच तर माझी तक्रार आहे. याच महाराष्ट्रातलं न्यायालय याच महाराष्ट्रातल्या माध्यमांबद्दल बोललं. आमच्या पेपरांनी ते न्यायालयाची बातमी म्हणून छापलं. आरसा म्हणून कुणी पाहिलं नाही.

यानंतर जे झालं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट आमच्या वऱ्हाडातून वर आली. अमरावती, अकोला, यवतमाळ. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी. मुंबई-दिल्लीच्या वाहिन्यांना नवा शब्द मिळाला: ‘अमरावती स्ट्रेन’. परदेशातले नवे प्रकार अमरावतीच्या नमुन्यांत सापडलेले नाहीत, हा राज्याच्या आरोग्य विभागाचा खुलासा आला, पण शब्द सुटला तो सुटला. पुण्यात शिकणाऱ्या आमच्या नात्यातल्या मुलाला खोलीमालकाने सांगितलं, गावी गेलास तर महिनाभर परत येऊ नको. त्याच्या खोलीतला दुसरा मुलगा बडनेऱ्याचा, देशमुख. त्यालाही तेच सांगितलं. तेव्हा अमरावतीत सगळ्यांना राग आला, रास्त राग. ज्यांनी दहा महिन्यांपूर्वी हाथीपुऱ्याचं नाव उच्चारून भाजी परत केली होती, तेही म्हणू लागले की आजाराला गावाचं नाव देणं हा कुठला न्याय.

मग मे २०२१. परदेशी माध्यमं ‘इंडियन व्हेरियंट’ म्हणू लागली, तर १२ मेला केंद्र सरकारने जाहीर आक्षेप घेतला आणि पुढे समाजमाध्यमांच्या कंपन्यांना हा शब्द काढायला सांगितलं. ३१ मेला जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरं दिली, डेल्टा आलं. आजारांना गावांची, देशांची, माणसांच्या गटांची नावं देऊ नका, हे ती संघटना २०१५ पासून सांगत होती. आमच्या वाहिन्यांनी ‘इंडियन व्हेरियंट’वर अभिमानाने चर्चा झोडल्या. त्याच वाहिन्या, तेच निवेदक. देशाला लागलं ते वस्तीला का लागत नसेल, असं एकालाही वाटलं नाही.

धर्म बाजूला ठेवू. एप्रिल २०२१ मध्ये प्रत्येक पेपरात रोज एक बातमी ठरलेली असायची: रेमडेसिविरचा तुटवडा, रेमडेसिविरचा काळाबाजार, रेमडेसिविरसाठी रांगा. आमच्या शाळेतल्या एका सरांनी वडिलांसाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या. पण जागतिक आरोग्य संघटनेने २० नोव्हेंबर २०२० लाच म्हटलं होतं की दाखल रुग्णांना हे इंजेक्शन देण्याची शिफारस आम्ही करत नाही, जीव वाचतो याचा पुरावा मिळालेला नाही. पाच महिने आधी! इंजेक्शन कुठे मिळतं आणि कितीला मिळतं, हे आम्हाला पेपरातून कळलं. ते उपयोगी पडतं का, हे कळलं नाही. ज्या बातमीने पाटल्या वाचल्या असत्या ती बातमी सरांपर्यंत पोचली नाही. प्लाझ्माचंही तेच. जमातच्या बऱ्या झालेल्या लोकांनी प्लाझ्मा दिला तेव्हा आम्हीही खूश होऊन ते फोटो फिरवले होते. मे २०२१ मध्ये सरकारने प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून काढला. ती बातमी आम्ही फिरवली नाही.

आणि कोरोना गेल्यावर तरी काही शिकलो का? जानेवारी २०२५. शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. आधी डोकं खाजतं, मग केस हातात येतात, दोन-तीन दिवसांत टक्कल. अकोल्याहून शेगाव काय, रेल्वेने तासाभराच्या आतलं अंतर. आमच्या पेपरांनी आणि वाहिन्यांनी बारसं करून टाकलं: ‘टक्कल व्हायरस’. कुठला व्हायरस? कुणी पाहिला? आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर, मग आयसीएमआरची पथकं आली. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी फेब्रुवारीत सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम प्रमाणाबाहेर आहे आणि तेच कारण असावं. हा त्यांचा दावा, त्याची छाननी तज्ज्ञ करतील. पण व्हायरस म्हणजे लागट, हे गावातल्या पोरालाही कळतं. गहू लागट नसतो. ‘व्हायरस’ या एका शब्दाने त्या गावांतल्या लोकांना न्हाव्याने दुकानात घेणं सोडलं, सोयरिकी लांबल्या. बोंडगावचे लोक मुसलमान म्हणून बदनाम झाले नाहीत. गरीब खेड्यातले म्हणून झाले. त्यांच्याशी कुणी नीट विचारपूस न करता त्यांच्या डोक्यांचे फोटो काढले गेले.

हे जमत नाही असं नाही, म्हणून जास्त राग येतो. याच अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे. १९९३ मध्ये तिथल्या बालमृत्यूंची बातमी देशभर गेली ती धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर पायी फिरलेल्या माणसांमुळे. कुपोषणाचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या. तेव्हा कुणी ‘कोरकू आजार’ असं नाव दिलं नाही. धान्य का पोचत नाही, डॉक्टर का राहत नाही, पूल का नाही, असे प्रश्न विचारले गेले.

माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याचा वार्ताहर आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, “टीचर, बातमीचे पैसे मला मिळतच नाहीत. जाहिरातीचं कमिशन मिळतं. दवाखान्याच्या उद्घाटनाची पुरवणी काढली तर माझा महिना निघतो. त्याच दवाखान्यावर मी काय लिहू?” तो खोटं बोलत नाही. कोरोनात त्याच्या ओळखीतले वार्ताहर गेले, त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलं नाही, हेही त्यानेच सांगितलं. म्हणून माझा राग त्याच्यावर नाही. ज्या कचेरीत मथळा लागतो आणि ज्या टेबलावर जाहिरातीचा दर ठरतो, तिथे आहे.

जाहिरातींचंच घ्या. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात हा १९५४ च्या औषधं आणि चमत्कारी उपाय कायद्याखाली गुन्हा आहे. उद्या सकाळचा पेपर उघडा आणि मोजा. वरच्या अर्ध्या पानात रक्तातल्या साखरेबद्दल डॉक्टरांचा सल्ला, खालच्या अर्ध्यात साखर मुळापासून घालवणारं चूर्ण.

आता आमच्याकडे वळते, नाहीतर म्हणाल बाजीला आपल्या कौमचं काही दिसत नाही. दिसतं. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअॅपवर आवाज फिरत होते की दवाखान्यात नेऊन सुई टोचतात आणि माणूस परत येत नाही. सर्वेक्षणाला आलेल्या आशाताईंना आमच्या गल्लीत दारं बंद मिळाली. २०२१ मध्ये लस आली तर मूल होत नाही ही अफवा आली, आणि ती पसरवणाऱ्यांत शिकलेली माणसं होती, माझ्यासारखी बीएड झालेलीसुद्धा. आमच्या काही उर्दू पेपरांनी बदनामीवर रकाने भरले, ते बरोबरच होतं. पण लस घ्या, ताप लपवू नका, हे त्याच जोराने, त्याच मथळ्यात लिहायला हवं होतं. जुम्म्याला मिंबरवरून जे सांगता आलं असतं ते काही इमामांनी सांगितलं, काहींनी नाही.

पण ही दोन पापं वेगवेगळी नाहीत, एकातून दुसरं निघतं. माझ्या सासूबाईंची चुलत बहीण, आम्ही तिला खाला म्हणायचो. रमजान २५ एप्रिलला सुरू झाला होता. चौथ्या-पाचव्या रोज्याला तिला ताप आला. तिने घरात सांगितलं, “रोज़े की कमज़ोरी है.” मुलाला संशय आला, तो म्हणाला दवाखान्यात जाऊ. तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, “बेटा, पेपर में मोहल्ले का नाम आएगा. तेरी बहन का रिश्ता है.” आठ दिवस तिने तो ताप दुपट्ट्यात लपवून ठेवला. नवव्या दिवशी श्वास लागला तेव्हा नेलं, तिसऱ्या दिवशी ती गेली. चार माणसांत दफन झालं. दुसऱ्या दिवशी पेपरात एक आकडा वाढला आणि मोहल्ल्याचं नाव आलंच.

आधी नेली असती तर ती वाचली असती असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. तेव्हा भरती होऊनही लोक जात होते. पण ती आठ दिवस थांबली ती आजाराच्या भीतीने नाही, बातमीच्या भीतीने. ज्या पेपरने कालपर्यंत आमच्या टोपीवर अग्रलेख लिहिले त्याच पेपरात आज ‘ताप अंगावर काढू नका’ अशी चौकट असते. ती चौकट खरी असते, पण खाला ती कशी वाचेल? खोटं बोलणाऱ्याचं खरंही ऐकू येत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल माफी छापायला लावली. माफी छापून आली, तर न्यायमूर्तींनी विचारलं की जाहिराती जेवढ्या मोठ्या देत होता तेवढीच मोठी ही माफी आहे का? मग पुन्हा, मोठ्या आकारात छापावी लागली. मला हा प्रश्न फार आवडला. औषध विकणाऱ्याला जो नियम, तो बातमी विकणाऱ्याला का नाही? आठ कॉलमांत आरोप छापला असेल तर आठ कॉलमांत निकाल. पहिल्या पानावर असेल तर पहिल्या पानावर. मी जास्त मागत नाही, पान आणि कॉलम तेवढे मागते. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एक तरी वार्ताहर असा ठेवा ज्याला जाहिराती आणायला लावणार नाही, ज्याला प्राथमिक आरोग्य केंद्राची नोंदवही वाचता येते आणि जो मथळ्यात ‘व्हायरस’ लिहिण्याआधी डॉक्टरला फोन करतो.

दहावीच्या मुलांना मी मराठीत बातमीलेखन शिकवते. काय घडलं, कुठे, कधी, कोण, का. या जुलैत वर्गात तो दिल्लीचा निकाल घेतला आणि म्हटलं, याची बातमी लिहा. एका मुलीने छान लिहिली आणि शेवटी विचारलं, “टीचर, ये कौन से पन्ने पर आएगी, वो भी लिखूँ क्या?” मी म्हटलं लिही. तिने वर कोपऱ्यात लिहिलं: पान १. मी मार्क कापले नाहीत. तिची बातमी, तो निकाल आणि एप्रिल २०२० ची दोन कात्रणं एका पाकिटात घालून मी संपादकांना पाठवली आहेत. तीन आठवडे झाले. पोच आली की इथे लिहीन.